थांबण्याचे शास्त्र देणारा अभियंता

जुन्या मोटारसायकली जपण्याचा छंद असणाऱ्यांना एक दुखणे चांगलेच परिचयाचे असते. सत्तरच्या दशकातील एखादी ट्रायम्फ किंवा होंडा वर्षानुवर्षे गॅरेजच्या कोपऱ्यात उभी असते. ती बाहेर काढली, की थोड्या खटपटीनंतर इंजिन सुरू होते. पण गाडी जागची हलत नाही. पुढचे चाक हाताने फिरवू गेले तर फिरत नाही. ब्रेकचा लिव्हर मोकळा असतो, तरीही ब्रेकने चाकाची चकती घट्ट धरून ठेवलेली असते. मेकॅनिकच्या भाषेत सांगायचे, तर कॅलिपर जाम झालेला असतो.

हा कॅलिपर, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारा जबडा. ज्यांच्या कल्पनेतून तो जन्माला आला, त्या फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांची आठवण मात्र गॅरेजमध्ये फारशी निघत नाही. विमानशास्त्राचे अभ्यासक त्यांना पंखांच्या सिद्धांतासाठी ओळखतात, युद्धशास्त्राचे अभ्यासक त्यांच्या नावाच्या नियमासाठी, तर मोटारींचा इतिहास लिहिणारे इंग्लंडमधील आद्य मोटारनिर्मात्यांपैकी एक म्हणून. १९०२ मध्ये त्यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्या कल्पनेचे चीज व्हायला अर्धे शतक जावे लागले आणि तोवर लँचेस्टर या जगात राहिले नव्हते.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधील ल्युइशम येथे झाला. वडील वास्तुविशारद, तर आई विवाहापूर्वी लॅटिन आणि गणित शिकवीत असे. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथे. थोरले बंधू हेन्री वॉन यांनी वडिलांचा व्यवसाय पत्करला. जोधपूरचा १९२९ ते १९४३ या काळात उभारला गेलेला भव्य उमेद भवन राजवाडा ही त्यांचीच रचना. फ्रेडरिक यांचा ओढा यंत्रांकडे होता. साउथहॅम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूशनमध्ये आणि पुढे लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये त्यांचे शिक्षण झाले. यंत्रशाळेतील प्रत्यक्ष काम शिकता यावे म्हणून संध्याकाळचे वेगळे वर्गही त्यांनी केले. मात्र पदवी न घेताच ते शिक्षण संपवून बाहेर पडले.

१८८८ च्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागातील फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत त्यांना नोकरी लागली. पगार आठवड्याला एक पौंड. करारपत्रात एक कलम असे होते, की नोकरीत असताना कर्मचाऱ्याने ज्या तांत्रिक सुधारणा केल्या असतील, त्यांची मालकी कंपनीकडे जाईल. विशीतल्या या तरुणाने सही करण्यापूर्वी ते कलम खोडून टाकले. हा निर्णय शहाणपणाचा ठरला. पुढच्याच वर्षी त्यांनी इंजिनाचा वेग आवरणारा लंबकाचा गव्हर्नर तयार केला आणि असा प्रत्येक गव्हर्नर बसवला गेला की त्यांना दहा शिलिंग मानधन मिळू लागले. इंजिन आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेचे हक्क त्यांनी तीन हजार पौंडांना विकले. वाहनाचा वेग किती झपाट्याने वाढतो आणि ब्रेक लावल्यावर किती झपाट्याने उतरतो, हे नोंदवणारे उपकरणही त्यांनी १८९० मध्ये केले होते. म्हणजे वाहन धावते कसे, याइतकाच ते थांबते कसे, हा प्रश्नही त्यांच्या मनात प्रारंभापासून होता.

या कमाईच्या बळावर ते मोटारीकडे वळले. धाकटे बंधू जॉर्ज मदतीला होते. १८९६ च्या प्रारंभी त्यांची पहिली मोटार रस्त्यावर आली. त्या काळी इंग्लंडमध्ये अशा वाहनाला ताशी ४ मैलांहून अधिक वेगाने जाण्यास कायद्याने मनाई होती आणि वाहनापुढे एक माणूस चालत असणे आवश्यक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा ताशी १४ मैलांवर नेण्यात आली. इतर निर्माते घोडागाडीला इंजिन जोडत असताना लँचेस्टर यांनी मोटारीचा मुळापासून विचार केला होता. इंजिनाची थरथर कमी व्हावी म्हणून त्यांनी त्यात परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे दोन क्रँकशाफ्ट बसवले.

१८९९ च्या डिसेंबरात लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली आणि बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात कारखाना सुरू झाला. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला कानशीने घासावे न लागता बसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज ही गोष्ट गृहीत धरली जाते. तेव्हा मात्र प्रत्येक गाडी कारागीर जुळवून जुळवून तयार करीत. त्यांच्या प्रारंभीच्या ग्राहकांमध्ये मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग होते. पुढे भारतातील काही संस्थानिकांच्या मोटारखान्यांतही लँचेस्टर गाड्या दाखल झाल्या.

गाड्यांचा वेग वाढत होता. त्यांना थांबवण्याची साधने मात्र घोडागाडीच्याच जमान्यातली होती. कुठे टायरवर लाकडाचा ठोकळा दाबला जाई, तर कुठे चाकाच्या तुंब्याभोवती पट्टा आवळला जाई. पट्ट्याचा ब्रेक पुढे जाताना बरा चाले. पण चढावर गाडी मागे घसरू लागली, की तोच पट्टा सैल पडे. लँचेस्टर यांचा तोडगा निराळा होता. चाकाबरोबर फिरणारी धातूची एक पातळ चकती घ्यायची आणि तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी जबड्यात पकडायचे. चाक कोणत्याही दिशेने फिरो, पकड सारखीच राहणार. चकती उघडी असल्यामुळे घर्षणाने निर्माण झालेली उष्णता हवेत निघून जाणार. १९०२ मध्ये या रचनेचे पेटंट त्यांना मिळाले आणि आपल्या गाड्यांवर त्यांनी ती वापरूनही पाहिली.

कल्पना अचूक होती; साहित्य मात्र तिला साथ देईना. जबड्यांना तांब्याचे अस्तर होते. धातूवर धातू घासला, की कानठळ्या बसवणारी किंकाळी निघे. त्यातच तेव्हाचे रस्ते कच्चे. उघड्या चकतीवर धूळ आणि रेती बसे आणि मऊ तांबे झपाट्याने झिजून जाई. जबडा ओढण्याचे काम तारा आणि दांड्यांवर होते. त्यातून येणारा जोर मर्यादित होता. १९०२ मध्येच फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. बंद डब्यासारख्या त्या रचनेत धूळ शिरत नसे. शिवाय फिरणारा ड्रम ब्रेकच्या शूला स्वतःच आत ओढून घेत असल्याने कमी जोरात अधिक पकड मिळे. डिस्क ब्रेकला अशी आयती मदत नसते. जेवढा दाब द्याल, तेवढीच पकड. साहजिकच पुढील पन्नास वर्षे ड्रम ब्रेकची ठरली. तांब्याच्या किंकाळीवर इंग्रज उद्योजक हर्बर्ट फ्रूड यांनी १९०७ च्या सुमारास ॲस्बेस्टॉसच्या अस्तराचा उपाय काढला खरा. पण तोवर वाहन उद्योगाने आपली वाट निवडली होती.

लँचेस्टर यांच्या कंपनीचेही दिवस फिरले होते. मागणी असूनही भांडवल अपुरे पडल्यामुळे १९०४ मध्ये ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली. नव्या नावाने ती पुन्हा उभी राहिली. मात्र संचालक मंडळ आणि संस्थापक यांच्यातील दुरावा वाढत गेला. १९०९ मध्ये लँचेस्टर डेमलर कंपनीचे तांत्रिक सल्लागार झाले आणि त्यांच्या नावाच्या कंपनीची तांत्रिक धुरा पुढे जॉर्ज यांच्याकडे गेली. क्रँकशाफ्टच्या पिळाची कंपने शोषून घेणारा डँपर आणि इंजिनाची थरथर मारणारा बॅलन्सर ही त्यांची या काळातील मोठी देणगी. बॅलन्सर शाफ्ट असलेली इंजिने आजही मोटारींत आणि मोटारसायकलींत बसवली जातात.

याच सुमारास त्यांचे दुसरे आयुष्य समांतर चालू होते. पक्षी हवेत कसे तरंगतात, याचे निरीक्षण करता करता पंखाला उचल कशी मिळते याविषयीचा सिद्धांत त्यांनी १८९४ मध्येच बर्मिंगहॅमच्या एका अभ्यासमंडळापुढे मांडला होता. माणसाचे यांत्रिक विमान उडण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. १८९७ मध्ये त्यांचा निबंध फिजिकल सोसायटीने नाकारला. हे विचार त्यांनी १९०७ आणि १९०८ मध्ये दोन ग्रंथांतून प्रसिद्ध केले. जर्मनीतील लुडविग प्रांट्ल यांनी पंखांचे गणित काटेकोर स्वरूपात मांडल्यानंतरच लँचेस्टर यांना आधीच काय दिसले होते, याची जाणीव जगाला झाली. १९१६ च्या ग्रंथात त्यांनी दोन सैन्यांचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात कसे वाढते, याचे गणित मांडले. लँचेस्टर नियम म्हणून ओळखले जाणारे हे सूत्र पुढे ऑपरेशन्स रिसर्च या विद्याशाखेच्या पायाच्या दगडांपैकी एक ठरले.

मानसन्मान आले. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९३१ मध्ये विमानविद्येतील कार्यासाठी त्यांना गुगेनहाइम पदक मिळाले. पैसा मात्र आला नाही. पेटंटची मुदत त्या काळी चौदा वर्षांची असे. त्यामुळे डिस्क ब्रेकवरील त्यांचा हक्क १९१६ मध्येच संपुष्टात आला होता. विशीत असताना करारपत्रातील कलम खोडणाऱ्या या माणसाला हक्कांची किंमत कळत नव्हती, असे म्हणता येणार नाही. कायद्याने दिलेली मुदत कमी होती आणि त्यांच्या कल्पनांना लागणारा वेळ फार मोठा होता.

१९१९ मध्ये, पन्नाशीत, त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते. १९२५ मध्ये त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि ध्वनिवर्धकांच्या निर्मितीत पैसे घातले. जागतिक मंदीच्या काळात हा उद्योग तगला नाही. डेमलरचे काम सुटले होते आणि कंपवाताने शरीराचा ताबा घेण्यास सुरुवात केली होती. १९३१ मध्ये लँचेस्टर मोटार कंपनी डेमलरची मालकी असलेल्या बीएसए समूहाने विकत घेतली. अखेरच्या काळात मोटार उद्योगातील मंडळींनी मदत केली, म्हणून बर्मिंगहॅमच्या मोझली भागातील राहते घर त्यांच्याकडे राहिले. त्याच घरात ८ मार्च १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सातच वर्षांनी, १९५३ मध्ये, फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वारने जिंकली. दीर्घकाळ वापरात ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर सरकतो आणि पकड ढिली होते. डिस्क ब्रेकच्या गाड्या मात्र अखेरच्या तासातही उशिरा ब्रेक लावून वळणे घेत होत्या. मधल्या काळात तीन अडथळे दूर झाले होते. घर्षणाचे टिकाऊ अस्तर आले होते. रस्ते डांबरी झाले होते. आणि १९१७ पासून अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी विकसित केलेल्या द्रवदाबाच्या तंत्रामुळे पायाच्या हलक्या दाबाचे रूपांतर मोठ्या जोरात करणे शक्य झाले होते. १९५५ मध्ये सिट्रोएनने मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारीवर डिस्क ब्रेक दिले. दुचाकींमध्ये १९६२ च्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरवर तारेने चालणारा डिस्क ब्रेक आला. १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० या मोटारसायकलीला पुढे द्रवदाबाचा डिस्क ब्रेक देऊन तो सर्वसामान्य चालकापर्यंत नेला. १९७३ मध्ये ट्रायम्फ बोनव्हिलवरही तो आला. ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना बर्मिंगहॅम आणि कॉव्हेन्ट्री यांच्या दरम्यान होता. म्हणजे लँचेस्टर यांच्या कर्मभूमीतच त्यांची कल्पना दुचाकीवर स्वार होऊन परतली.

त्या पिढीतील गाड्या आता क्लासिक म्हणून जपल्या जातात आणि तिथेच जाम झालेल्या कॅलिपरचा प्रश्न उभा राहतो. या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढण्यासाठी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. लिव्हर दाबला, की पिस्टन पुढे सरकतो आणि सील किंचित पिळली जाते. लिव्हर सोडला, की ती सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. या केसभर हालचालीवरच चाकाचे मोकळे फिरणे अवलंबून असते. नेहमीच्या वापरातील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली, की हे पाणी पिस्टनपर्यंत पोहोचते. त्या काळचे पिस्टन पोलादाचे असून त्यांवर क्रोमचा मुलामा असे. मुलाम्याला बारीक खड्डे पडतात, खाली गंज धरतो. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये सीलच्या खाचेत पांढरी पूड साचून सील पिस्टनवर आवळली जाते. मग तिला मागे घेण्याची ताकद उरत नाही.

अनुभवी मेकॅनिक आधी दोष कुठे आहे, हे तपासतो. कॅलिपरवरील हवा काढण्याचे निपल थोडे सैल केल्यावर चाक मोकळे झाले, तर दाब वर कुठेतरी अडकला आहे. आतून फुगलेला जुना रबरी पाइप किंवा मास्टर सिलिंडरमधील बुजलेले सूक्ष्म छिद्र हे त्याचे कारण असू शकते. चाक तरीही मोकळे झाले नाही, तर दोष कॅलिपरचा. पक्कड लावून पिस्टन पिळण्याचा मोह टाळावा. त्याने आतला गुळगुळीत पृष्ठभाग ओरखडतो. पॅड काढून, ब्रेकचाच लिव्हर सावकाश दाबत पिस्टन बाहेर ढकलणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. दोन पिस्टन समोरासमोर असतील, तर एक अडवून दुसरा आधी काढावा लागतो. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटे जायबंदी होतात, म्हणून ते धाडस करू नये. सांडणारे ब्रेक ऑइल रंग खाते, तेव्हा टाकी झाकून ठेवावी.

पुढचे काम चिकाटीचे. सीलची खाच लाकडी किंवा पितळी टोकाने पूर्ण साफ करावी लागते, कारण कणभर पूड राहिली तरी नवी सीलही आवळली जाते. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. ॲस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक असल्याने ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. रबराला पेट्रोल आणि साधे ग्रीस चालत नाही. त्याने सील फुगते. ती बसवताना ताजे ब्रेक ऑइलच लावावे. खड्डे पडलेला पिस्टन घासून पुन्हा वापरणे म्हणजे त्याच दुखण्याला पुन्हा निमंत्रण. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा पिस्टन घालण्याचा प्रघात आहे. शेवटी सगळी हवा काढून, रिकाम्या जागेत हळू वेगाने चाचणी घेऊनच गाडी रस्त्यावर न्यावी आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे. ज्यांना या कामाचा सराव नाही, त्यांनी ते जाणकाराच्या हाती सोपवलेले बरे. ब्रेकच्या बाबतीत अर्धवट ज्ञान जिवावर बेतू शकते.

या दुरुस्तीत हाताळल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू लँचेस्टर यांच्या हाती नव्हत्या. स्टेनलेस स्टील इंग्लंडमध्ये १९१३ मध्ये शेफिल्डला तयार झाले. तेलातही टिकणारे कृत्रिम रबर, द्रवदाबाचे तंत्र, आवाज न करणारे पॅड हे सारे त्यांच्या पेटंटनंतरचे. त्यांच्याजवळ होती ती चकती, तिला पकडणारा जबडा आणि तांब्याचे अस्तर. तेवढ्यावर त्यांनी जे रेखाटले, त्याचा गाभा आजही बदललेला नाही.

कॉव्हेन्ट्री येथील पॉलिटेक्निकला १९७० मध्ये लँचेस्टर यांचे नाव देण्यात आले होते. ती संस्था १९९२ मध्ये कॉव्हेन्ट्री विद्यापीठ झाली आणि तिथल्या ग्रंथालयाच्या इमारतीने त्यांचे नाव जपले आहे. हयातीत ज्या कल्पनेने त्यांना एक पैही दिली नाही, तीच आज जगभरातील रस्त्यांवर दररोज असंख्य माणसांना सुखरूप घरी पोहोचवत आहे. जाम झालेला कॅलिपर मोकळा करून चाक फिरवून पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तरी या उपेक्षित अभियंत्याच्या ऋणाची थोडी उतराई होईल.